आजीची खुर्ची, खिडकीतला कूलर आणि ८१ लक्स

दिवाळीच्या आधी आमच्या हॉलला पीओपीची फॉल्स सिलिंग झाली, तेव्हा लाइटिंगचं काम घरच्यांनी माझ्यावर सोपवलं. साहजिकच होतं. घरातला उजेड याच विषयावर माझी पीएचडी चालू आहे आणि चार वर्षं मी जेवताना-उठताना सगळ्यांना लक्स आणि ल्युमेन ऐकवते आहे. मी सहा गोल डाउनलाइट बसवले, कडेच्या खाचेतून वॉर्म व्हाइट स्ट्रिप फिरवली, टीव्हीची भिंत गडद निळी केली आणि तिच्यावर एक छोटा स्पॉट सोडला. लक्ष्मीपूजनाला आलेल्या प्रत्येकाने मान वर करून "वा!" म्हटलं.

मे महिन्यात आजीने पेपर वाचणं सोडलं.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग सगळ्यांनी ठरवलं की डोळे गेले. डॉक्टरांकडे नेलं. मोतीबिंदू आहे, पण ऑपरेशनची घाई नाही, चष्म्याचा नंबर मागच्या वर्षीचाच आहे, असं त्यांनी सांगितलं. घरी आल्यावर मी आजीला विचारलं, तर म्हणाली, "डोये बरे आहेत व माहे. उजेडच नाही येऊन राहिला. तुह्या त्या चांदण्या दिसाले बऱ्या आहेत, वाचाले नाही."

मी कपाटातून लक्समीटर काढला, आजीच्या मांडीवरच्या पेपरवर ठेवला आणि आकडा पाहून गप्प बसले.

हे सगळं सांगायचं कारण असं, की तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करताय किंवा विषय शोधताय, आणि "संशोधनाचा प्रश्न नेमका कसा सापडतो?" असं मला नेहमी विचारता. माझा प्रश्न मला आजीच्या खुर्चीत सापडला. तोही उशिरा, एक सर्व्हे वाया घालवल्यानंतर. त्या सर्व्हेचं पुढे सांगते. आधी त्या सहा चांदण्यांचा हिशोब करू, कारण तो कुणालाही वही-पेन घेऊन करता येतो आणि मी तो केला नव्हता.

दुकानात आपण वॉट विचारतो. पण वॉट म्हणजे दिवा वीज किती खातो. तो उजेड किती देतो हे ल्युमेनमध्ये मोजतात आणि हा आकडा बहुतेक खोक्यांवर बारीक अक्षरात असतो. त्या ल्युमेनपैकी किती एखाद्या चौरस मीटरवर येऊन पडले, ते म्हणजे लक्स. वाचणाऱ्याला फक्त लक्स कळतात. वॉटची सवय आपल्याला जुन्या पिवळ्या बल्बने लावली, कारण तेव्हा वॉट आणि उजेड सोबत वाढायचे. २०१५ साली उजाला योजना आली, सरकारी खरेदीत २०१४ मध्ये ३१० रुपयांना पडणारा एलईडी बल्ब २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर उतरला, आणि घराघरात "नऊ वॉटचा द्या" हे नवं परवलीचं वाक्य झालं. दिवे बदलले, मोजायची रीत मात्र तीच राहिली.

आता आमचा हॉल. १२ बाय १६ फूट, म्हणजे सुमारे १७.८ चौरस मीटर. डाउनलाइट ६ वॉटचे, प्रत्येकी साधारण ५०० ल्युमेन, सहा मिळून ३०००. सगळे ल्युमेन सरळ खाली आले असते तर १६८ लक्स मिळाले असते. पण तसं होत नाही. काही उजेड दिव्यातच अडकतो, काही भिंतींवर जातो, आणि भिंत पांढरी असेल तर त्यातला बराचसा परत देते, गडद असेल तर गिळून टाकते. यासाठी एक उपयोगिता गुणांक धरतात, आमच्याकडे ०.६ धरू. दुसरा गुणांक देखभालीचा, कारण दिवा जुना होतो, त्यावर धूळ बसते (आणि नागपुरात मे महिन्यात धूळ म्हणजे काय ते सांगायला नको). तो ०.८. मग ३००० गुणिले ०.६ गुणिले ०.८ भागिले १७.८, उत्तर ८१ लक्स.

वाचायला-लिहायला साधारण ३०० ते ५०० लक्स हवेत असं धरतात.

म्हणजे ज्या रात्री सगळे "वा!" म्हणत होते, त्या रात्रीही हॉलमध्ये वाचण्यापुरता उजेड नव्हताच. मी स्ट्रिप हिशोबात धरली नाही, कारण ती छतावर उजेड फेकते आणि तिथून खाली येईपर्यंत फारसं काही उरत नाही. निळी भिंत मी हौसेने केली, तीही उजेड खाते. आणि ८१ हा सरासरीचा आकडा आहे. डाउनलाइटचा झोत अरुंद असतो, त्याच्या खाली उजेडाचं तळं आणि दोन तळ्यांच्या मधे अंधार. आजीची खुर्ची कोपऱ्यात, सगळ्यात जवळचा दिवा तिच्या पाठीमागे. म्हणजे डोक्याची सावली बरोब्बर पेपरवर. सरासरीत हे काहीच दिसत नाही. तुमच्या विषयातही सरासरी अशीच वागते, फक्त तिथे आजी येऊन सांगत नाही.

त्यात वय. माणसाचं वय वाढतं तसं डोळ्याचं भिंग पिवळं पडतं आणि बाहुली लहान होते. साठीच्या माणसाच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या सुमारे एक तृतीयांशच उजेड पोचतो. आजी तर साठीच्याही बरीच पुढे. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर उजेड डोळ्यातच विखुरतो, त्यामुळे छतातले उघडे चकचकीत ठिपके तिला मदत तर करत नाहीतच, उलट खुपतात. मी लाइटिंग ठरवलं ते माझ्या डोळ्यांनी पाहून.

पण मग प्रश्न राहतोच. दिवे दिवाळीत लागले आणि वाचन मे महिन्यात थांबलं. मधले पाच-सहा महिने ती कशी वाचत होती?

आजी पेपर सकाळी नऊ ते अकरा वाचते. तेव्हा दिवे लागलेलेच नसत. ती खिडकीच्या उजेडात वाचत होती. खुर्ची त्या कोपऱ्यात आहे ती त्यासाठीच, खिडकी तिच्या डाव्या हाताला. आणि होळी झाली की त्या खिडकीत कूलर बसतो.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं सांगते. नागपुरात उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि हवा कोरडी असते, म्हणून डेझर्ट कूलर इथे भरपूर चालतो. त्याला बाहेरची कोरडी हवा लागते, म्हणून तो खिडकीबाहेर स्टँडवर ठेवतात आणि तोंड आत. खिडकीची उरलेली जागा प्लायवूड, थर्माकोल, जुना पुठ्ठा, जे मिळेल त्याने बंद करतात. तरीही फट राहिली तर तिथून ऊन येतं म्हणून जाड पडदा. पावसाळा लागेपर्यंत ती खिडकी खिडकी राहत नाही. बाहेर भर उन्हात लाखभर लक्स उजेड आणि आत आपण दुपारी बारा वाजता ट्यूबलाइट लावून बसलेले. कोराडी-खापरखेड्याची वीज शेजारीच तयार होते म्हणून असेल, आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही.

आता हे आपल्या मानकांच्या भाषेत बघू. घरातला दिवसाचा उजेड मोजायला डेलाइट फॅक्टर वापरतात. बाहेर मोकळ्या आकाशाखाली जितका उजेड आहे, त्याच्या किती टक्के आत टेबलावर पोचतो, तो आकडा. भारतीय मानक आयएस २४४० मध्ये आकाशाचा हा हिशोबी उजेड ८००० लक्स धरला आहे. आकाश निरभ्र आणि सूर्य क्षितिजापासून फक्त १५ अंश वर, थेट ऊन वगळून. म्हणजे मुद्दामच कमी धरलेला आकडा. त्यावर स्वयंपाकघराला २.५ टक्के म्हणजे २०० लक्स, अभ्यासाच्या खोलीला १.९ टक्के म्हणजे साधारण १५० लक्स, बैठकीच्या खोलीला ०.६२५ टक्के म्हणजे ५० लक्स. माझ्या मते बैठकीच्या खोलीचा आकडा आपल्या घरांना लागू पडत नाही. आपल्याकडे हॉलमध्येच मुलं अभ्यास करतात, आजी पेपर वाचते, आई तांदूळ निवडते. खोलीचं नाव एक आणि काम तीन. आणि हिशोबात खिडकी ही खिडकी असते. वर्षातले तीन-चार महिने ती कूलरचं भोक असेल, हे त्यात कुठेच नाही.

हाच माझ्या थिसिसचा विषय व्हायला हवा होता. पण मी पहिल्या वर्षी वेगळंच करत होते. महालातले जुने वाडे आणि बेसा-मनीषनगरकडचे नवे फ्लॅट, यांत दिवसाचा उजेड कुठे चांगला, असा माझा प्रश्न होता. फेब्रुवारीत मी महालातली घरं मोजली. तिथल्या गल्ल्यांमध्ये ओळखी काढत, चहा पीत, महिना गेला. मार्चमध्ये कोर्सवर्कची परीक्षा. एप्रिलमध्ये फ्लॅट मोजले. आकडे मांडले तर वाडे स्पष्टपणे पुढे. मला इतका आनंद झाला! चौक, ओसरी, उंच छत, पूर्वजांचं शहाणपण, सगळं प्रकरण डोक्यात लिहूनही झालं होतं. गाइडसमोर तक्ते ठेवले. त्यांनी पाच मिनिटं पाहिले आणि विचारलं, "कूलर केव्हा लागले?"

वाडे मोजले तेव्हा कूलर लागायचे होते. फ्लॅट मोजले तेव्हा लागून झाले होते. मी वाडा आणि फ्लॅटची तुलना केली, की उघडी खिडकी आणि बंद खिडकीची? आकड्यांकडे पाहून ते सांगायची कोणतीच सोय नव्हती. तीन महिन्यांचं काम एका प्रश्नात गेलं. त्या संध्याकाळी मी अंबाझरीला जाऊन नुसती बसले होते.

ज्या गोष्टीचा परिणाम मोजायचा तिच्यासोबत दुसरी एखादी गोष्ट जोडीने बदलत असेल, तर दोघींचे परिणाम वेगळे काढता येत नाहीत. पुस्तकात हे वाचलेलं असतं, पेटमध्ये त्यावर एक गुणाचा प्रश्न सोडवलेला असतो, तरी होतं. आणि मोठमोठ्यांचं होतं. यातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण उजेडाच्याच प्रयोगाचं आहे. अमेरिकेत शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न कारखाना होता. १९२४ पासून तिथे दिव्यांचा उजेड कमी-जास्त करून कामगारांचं उत्पादन मोजलं. पुढे गोष्ट अशी पसरली की उजेड वाढवला तरी उत्पादन वाढलं, कमी केला तरी वाढलं, म्हणजे आपल्याकडे कुणी लक्ष देतंय एवढ्यानेच माणसं जास्त काम करतात. हॉथॉर्न इफेक्ट हे नाव तुम्ही नोट्समध्ये लिहिलं असेलच. मूळ आकडे नष्ट झाले असं मानलं जायचं. ते स्टीव्हन लेव्हिट आणि जॉन लिस्ट या अर्थशास्त्रज्ञांना सापडले आणि २०११ मध्ये त्यांनी त्यांचं नव्याने विश्लेषण छापलं. दिवे बदलले जायचे रविवारी, सुटीच्या दिवशी. मग सोमवारी उत्पादन वाढलेलं दिसायचं. पण ज्या आठवड्यात दिव्यांना हातही लावला नव्हता, त्या आठवड्यातही सोमवारी ते वाढायचंच. पाठ्यपुस्तकात सांगतात तसा ठळक परिणाम त्या आकड्यांत नव्हता, फार तर काही पुसट खुणा होत्या. त्यांचा रविवार आणि माझा कूलर, दोन्ही एकाच जातीचे.

आता घरचं लाइटिंग करणाऱ्यांचा नेहमीचा वाद घ्या, पिवळा की पांढरा. दुकानदार आणि इंटिरियरवाले ठामपणे सांगतात की मंद उजेड असेल तर वॉर्म, भरपूर असेल तर कूल. हा नियम १९४१ साली फिलिप्समधल्या आरी क्रायटॉफ यांनी छापलेल्या एका आलेखावरून आला आहे. तो आलेख जगभरच्या पुस्तकांत छापला गेला. पण मूळ लेखात प्रयोग कसा केला, किती माणसांवर केला, याचा तपशील अगदी तुटपुंजा आहे. नंतर अनेकांनी करून पाहिलं, त्यांना तसं काही मिळालं नाही, आणि २०१७ मध्ये स्टीव्ह फोटिओस यांनी विश्वासार्ह वाटणारे प्रयोग एकत्र करून पाहिले तेव्हा त्यांतूनही उजेड आणि रंगाची ती जोडी निघाली नाही. अगदी मंद उजेड लोकांना आवडत नाही, एवढं मात्र दिसलं. तेव्हा हॉलमध्ये तुम्हाला पांढरी ट्यूबच आवडत असेल तर लाजायचं काही कारण नाही. माझ्या बाबांना वॉर्म लाइटमध्ये "लोडशेडिंगमधल्या कंदिलासारखं" वाटतं, त्यांचं मत तेवढंच ग्राह्य आहे.

रात्रीची गोष्ट मात्र वेगळी, तिथे पुरावा चांगला आहे. डोळ्याच्या पडद्यात दिसण्याशी फारसा संबंध नसलेल्या, पण शरीराचं घड्याळ लावणाऱ्या पेशी असतात हे २००२ मध्ये नक्की झालं. त्या निळसर उजेडाला, ४८० नॅनोमीटरच्या आसपास, सगळ्यात जास्त दाद देतात. म्हणून झोपायच्या आधीचे तीन तास उजेड मंद आणि पिवळसर ठेवावा, असं २०२२ मध्ये या विषयातल्या संशोधकांनी एकत्र येऊन सुचवलं. दिवसा उलट, भरपूर हवा. आपण उन्हाळ्यात दिवसा अंधार करतो आणि रात्री बाराला पांढऱ्या ट्यूबखाली अभ्यास करतो, म्हणजे दोन्हीकडून चूक.

स्वयंपाकघरात मी फक्त दोन गोष्टी बघते. ओट्यावर सावली पडते का, आणि रंग खरा दिसतो का. दिवा छताच्या मधोमध असेल तर ओट्याशी उभ्या माणसाची सावली कढईत पडणारच. वरच्या कपाटाच्या खाली एक छोटी पट्टी लावली की काम होतं. रंगासाठी खोक्यावर सीआरआय बघा. पण त्यातही गंमत आहे. हा आकडा आठ फिक्या रंगांच्या नमुन्यांवरून काढतात आणि भडक लाल त्या आठांत नाहीच. त्यामुळे ८० सीआरआयच्या दिव्याखाली भिवापुरी मिरचीचं तिखट मळकट विटकरी दिसू शकतं. सावजी रस्सा करणाऱ्या घरात हे चालत नाही, ९० चा घ्या. बेडरूममधून संडासात जायच्या वाटेवर गुडघ्याखाली एक मंद पिवळा दिवा, आणि जिन्याला दोन्हीकडून चालू-बंद होणारा टू-वे स्विच, याचं अधिक काही सांगायची गरज नाही.

दिसण्याचं काय, असं कुणी विचारेलच. शोभा नकोच असं मी म्हणत नाही. अमेरिकन लाइटिंग डिझायनर रिचर्ड केली यांनी १९५२ मध्ये उजेडाचे तीन प्रकार मांडले होते. सगळीकडे पसरलेला, एका जागी एकवटलेला, आणि नुसता चमचमणारा. घर सुंदर दिसायला तिन्ही लागतात. आमच्या हॉलमध्ये मी तिसरा भरपूर दिला, पहिला जेमतेम आणि दुसरा विसरले. देवाजवळची समई विचार करून ठेवलेली असते, कोनाड्यातला दिवा नेमका जिथे हात जायचा तिथे असायचा. दुसऱ्या प्रकारचा उजेड आपल्या घरांत आधीपासून होता.

तुम्हाला मोजायचं असेल तर महागडं काही लागत नाही. खोलीच्या फरशीवर साधारण मीटर-मीटर अंतराने खडूच्या खुणा करा. प्रत्येक खुणेवर फरशीपासून ७५ सेंटीमीटर उंचीवर, म्हणजे टेबलाच्या पातळीला, मीटर आडवा धरा. आपली सावली त्यावर पडू देऊ नका, मी पहिल्या आठवड्यात प्रत्येक नोंदीत पाडली होती. दिव्यांचं माप रात्रीच घ्या. दिवसाच्या मापासोबत वेळ, आकाश कसं आहे, पडदा, कूलर, सगळं लिहा, आत्ता बिनकामाचं वाटलं तरी. फोनचं ॲप तुलनेपुरतं ठीक, पण त्याचा सेन्सर तिरक्या उजेडाला नीट मोजत नाही आणि दोन फोन दोन आकडे सांगतात, म्हणून सगळी मापं एकाच फोनने घ्या आणि आकडा थिसिसमध्ये टाकू नका. घड्याळाचंही लक्षात ठेवा. आपली प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची आणि नागपूर ७९.१ वर, त्यामुळे इथली खरी दुपार सरासरी १२ वाजून १४ मिनिटांनी होते. २६ मेच्या आसपास तर सूर्य अगदी डोक्यावरून जातो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. अशा वेळी छज्जा दक्षिणेची खिडकी सहज झाकतो. पश्चिमेच्या खिडकीला मात्र संध्याकाळच्या खालच्या उन्हापुढे तो काहीच करू शकत नाही, आणि कूलर नेमका तिथेच असला तर पाणी किती लागतं ते तुम्हाला माहीतच आहे.

आजीच्या खुर्चीचं काय केलं? काही विशेष नाही. बर्डीवरून एक वाकवता येणारा, खोल टोपीचा दिवा आणला आणि डाव्या खांद्याच्या मागे, पेपरपासून हातभर अंतरावर लावला. ५ वॉटचा. असा दिवा समोरच्या दिशेला साधारण १२५ कँडेला देतो असं धरा. अंतराच्या वर्गाने भागायचं. एक मीटरवर १२५ लक्स, अर्ध्या मीटरवर ५००. ३६ वॉटच्या चांदण्यांनी सरासरी ८१ दिले आणि ५ वॉटच्या दिव्याने जिथे हवे तिथे ५००. कूलरच्या वर खिडकीचा जो हातभर भाग उरतो, तिथला पुठ्ठा काढून दुधी ॲक्रिलिक लावलं. वरून आलेला उजेड खोलीत जास्त आतपर्यंत जातो. गरम किती होतं ते अजून बघतेय, या जूनमध्ये नीट मोजेन.

सर्व्हे मी पुन्हा करतेय. या वेळी प्रत्येक घरात दोनदा जाते, कूलर लागायच्या आधी एकदा आणि लागल्यावर एकदा, वाडा असो की फ्लॅट. घरं निम्म्यावर आली, चहा दुप्पट झाला. आजी पेपर वाचते, मोठ्याने वाचते, आणि मी हॉलमधून गेले की न बघता म्हणते, "त्या वरच्या सहा बंद कर व, बिल येऊन राहिलं."